गुलाबचा तिसरा सांगाडा

उमरग्याच्या कॉलेजात विज्ञानाच्या कुठल्याही वर्गात जाऊन विचारलं असतं, की इथं सगळ्यात जास्त कोण राबतं, तर पोरांनी एका सुरात गुलाब ओव्हाळचं नाव घेतलं असतं. आणि स्टाफच्या फोटोत कोण नसतं, असं विचारलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं. पद होतं प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या धुवायच्या, पावसाळ्यात बेडूक धरून आणायचे, स्पिरिटचे दिवे भरायचे आणि लेक्चरर लोकांनी 'गुलाब' अशी हाक मारली की हातातलं टाकून पळायचं. या कामाला सातवी पास माणूस पुरतो. गुलाब बीएस्सी होता.

बीएस्सी होऊन नळ्या धुण्याची हौस कुणालाच नसते. गुलाबचं गाव बेंबळीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात त्याचे वडील श्रीपती सडकेच्या कामावर खडी फोडत होते आणि संध्याकाळी घरी आले की पोराला म्हणायचे, "तू फकस्त वाच. खडी फोडायला म्या हाय." पोरानं वाचलं. अठ्ठ्याहत्तर साली औरंगाबादला एमएस्सीला नंबर लागला आणि त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. श्रीपतींनी पोराची ट्रंक बांधलेली सोडली आणि म्हणाले, "यंदा नगं." यंदाचं पुढच्या साली गेलं, पुढच्या सालचं लग्नात गेलं, आणि गुलाब उमरग्याच्या प्रयोगशाळेत ब्रश घेऊन उभा राहिला. या गोष्टीचा त्याला राग होता का? होता. पण राग धरायचा कुणावर हेच त्याला नक्की ठरवता आलं नाही, आणि असा राग माणसाला आतून पोखरतो.

त्र्याऐंशी साली त्याच्या आयुष्यात माणिकप्पा सर आले. वनस्पतिशास्त्राचे लेक्चरर. गावात आडतीचं दुकान, तीन भाऊ, घरात कानडी आणि वर्गात इंग्रजी. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना राक्षस समजाल. बोलायला गोड, पोरांवर जीव, फक्त स्वतःच्या हातानं कधी काही करायचं नाही ही घरची सवय. त्यांना पीएचडी करायची होती. डॉक्टर झाल्याशिवाय प्राचार्य होता येत नाही, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

विषय त्यांना तळ्यानं दिला. जवळच्या सहकारी साखर कारखान्यामागं सांडपाण्याचं एक तळं होतं. त्या उन्हाळ्यात ते तळं लाल-जांभळं झालं. शेतकरी चेअरमनच्या दारात गेले, की पाण्यात काय कालवलंत ते सांगा. चेअरमननं गाडी कॉलेजात पाठवली. माणिकप्पा सरांनी बाटलीभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि सांगितलं, की हे जिवाणू आहेत, झाडाच्या पानासारखे उजेडावर जगतात, रंग त्यांचाच आहे, विषबिष काही नाही. चेअरमननं सरांना शाल दिली. पाणी काढायला तळ्यात मांडीपर्यंत उतरला होता गुलाब. त्याच्या पायाला आठवडाभर खाज सुटली.

सरांनी ठरवलं, या जिवाणूंमधलं एक प्रथिन काढायचं आणि त्याची घडण दुसऱ्या तशाच जिवाणूंमधल्या प्रथिनाशी ताडून बघायची. हे प्रथिन उजेडातून मिळालेला इलेक्ट्रॉन एकाकडून घेतं आणि दुसऱ्याला देतं. गुलाबला हे पहिल्या दिवशीच समजलं, कारण रोजगार हमीच्या कामावर मुरमाची पाटी अशीच हातोहात जाते. मधल्या माणसानं पाटी ठेवून घ्यायची नसते.

समजलं, पण प्रथिन निघेना. दोन वर्षं निघेना. नळी यंत्रात गरगर फिरायला लागली की लाइट जायची. बर्फाच्या कारखान्यातून सायकलवर बर्फ आणावा तर दारापर्यंत निम्मा राहायचा. मग पाऊस रुसला. शहाऐंशीच्या जानेवारीतच ऊस संपून कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपच थांबलं, सांडपाणी बंद झालं आणि लाल तळ्याच्या जागी भेगा पडलेली ढेकळं उरली. माणसाला प्यायला टँकर, तिथं जिवाणूला कोण विचारतो! खिडकीतल्या बाटल्यांमध्ये जपून ठेवलेले होते, तेही एकेक करून पांढरे पडले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

"सर, आता?" गुलाबनं विचारलं.

सर औरंगाबादला जाऊन मार्गदर्शकांना भेटून आले. मार्गदर्शकांनी तोडगा काढला होता. प्रथिन स्वतः काढायची गरज नाही. परदेशातल्या लोकांनी तीन वेगवेगळ्या जिवाणूंमधून हेच प्रथिन काढून त्याच्या घडणीची चित्रं छापली आहेत. ती मागवा, मोठे सांगाडे बनवा, एकमेकांशेजारी ठेवा आणि कुठं सारखे, कुठं वेगळे ते लिहा.

"सांगाडे कोण बनवणार, सर?"

"तू हाईस की." सर हसले. "आणि हे बघ गुलाब, उगीच न्हाय राबायचं. पुस्तक झालं की पहिल्या पानावर तुझं नाव. गुलाब श्रीपती ओव्हाळ, बीएस्सी. छापील."

त्या संध्याकाळी गुलाबनं ही गोष्ट बायकोला, मालनला, तीन वेळा सांगितली. मालन चौथी शिकलेली. तिला प्रथिन कळलं नाही, पण छापील नाव म्हणजे काय ते चांगलं कळलं. "मामांचं बी नाव येनार?" तिनं विचारलं. मामा म्हणजे सासरे, श्रीपती. ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. येणार म्हटल्यावर तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष गेलं नाही. त्या दिवसापासून गुलाबला दुसरं काही नको होतं. बढती नको, शाल नको, स्टाफच्या फोटोत खुर्ची नको. जे एमएस्सीच्या यादीत लागून वाया गेलं, ते नाव एकदा विद्यापीठाच्या पुस्तकात लागलं पाहिजे, एवढंच.

आता चित्रं कशी असतात तेही सांगितलं पाहिजे. प्रथिन म्हणजे शंभर-सव्वाशे मण्यांची माळ. ती गुंडाळून तिचा गोळा होतो आणि गोळ्याच्या पोटात एक चपटी चकती असते, मधोमध लोखंडाचा अणू. माळेचा काही भाग स्प्रिंगसारखा वळलेला असतो. कागदावर हा गोळा दाखवायचा तर खोली कळत नाही, म्हणून शेजारी शेजारी दोन चित्रं छापतात. डावं डाव्या डोळ्यासाठी, उजवं उजव्यासाठी. दोन भिंगांच्या चष्म्यातून बघितलं, की दोन्ही एक होतात आणि माळ कागदातून वर उठून उभी राहते.

असा चष्मा, स्टिरिओस्कोप, भूगोल विभागात होता. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो बघायला तो वापरतात. भूगोलाच्या बब्रुवान सरांनी तो कपाटातून काढून दिला आणि वर बजावलं, "भिंगाला बोट लावू नको." गुलाबनं बोट लावलं नाही. तो रोज तास संपल्यावर चष्म्यावर वाकायचा, एकेक मणी मोजायचा, तो कागदाच्या किती वर आहे याचा अंदाज घ्यायचा आणि तार तशी वाकवायचा. तार कारखान्याच्या वर्कशॉपमधली. पोटातली चकती डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून, तिला लाल रंग, मधे बोल्ट. पहिला सांगाडा जांभळ्या जिवाणूचा, त्याला चार महिने लागले. दुसरा हिरव्या जिवाणूचा, त्याला तीन. दोन्ही शेजारी ठेवले तर बाहेरची वळणं थोडी मागंपुढं, पण पोटातली घडण तीच. चकती तशीच बसलेली, स्प्रिंगा तशाच, सगळ्यांचे आटे उजवे, बाजारातल्या स्क्रूसारखे. सर येऊन बघायचे, तारेला हात लावायचे, "वा!" म्हणायचे आणि जायचे.

तिसऱ्या सांगाड्याच्या वेळी घोडं अडलं. दुष्काळामुळं भूजलाचे लोक जिल्हाभर विहिरी-बोअरच्या जागा शोधत फिरत होते. त्यांच्याकडचा चष्मा फुटला, म्हणून त्यांनी कॉलेजचा मागून नेला. आठ दिवसांत देतो म्हणाले. सरकारी आठ दिवस! गुलाब उस्मानाबादला दोन खेपा घालून आला. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या खेपेला चष्मा दौऱ्यावर. अर्ज दिला, अर्जाची पोच दिली, पोचेवर शिक्का दिला, चष्मा नाही दिला. इकडं सर रोज विचारायचे, "झालं का?" जणू काही तो तार घरी उशाला घेऊन झोपला होता.

शेवटी गुलाबनं आपली वाट काढली. दोन चित्रांकडं बघत डोळे तिरळे केले, की दोन्ही सरकत मधे येतात आणि एक उठावाचं चित्र उभं राहतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. भिंग नको, चष्मा नको. त्याला इतका आनंद झाला, की त्यानं सरांना बोलावून दाखवलं. सरांनी स्वतः करून बघितलं, त्यांना चक्कर आली. "शाब्बास," म्हणाले, "तुझ्या डोळ्यांतच यंत्र हाय." दोन महिने गुलाब तिरळे डोळे करून तार वाकवत होता. डोकं ठणकायचं. मालन कपाळाला सुंठ उगाळून लावायची आणि म्हणायची, "एका नावापायी डोळं घालवून बसू नगा."

तिसरा सांगाडा पुरा झाला तेव्हा गुलाबनं तो पहिल्या दोघांशेजारी ठेवला. तिसऱ्याचे सगळे आटे डावे होते. पहिले दोन एका हाताचे, हा दुसऱ्या हाताचा. तो तडक सरांकडं गेला.

"सर, आटे उलटे आलेत. कायतरी चुकलंय."

सरांनी सांगाडा फिरवून बघितला, पुन्हा फिरवून बघितला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "चुकलं न्हाय रे! पुस्तकात लिहिलंय आटे उजवेच असतात. सगळ्या जगानं उजवेच बघितले. आपण डावा बघितला. हाच शोध!"

"पण सर, एकदा चष्म्यातून..."

"चष्मा कधी यायचा? मी म्हातारा झाल्यावर? तू मणी मोजलेत ना बरोबर?"

"मोजलेत."

"मग झालं."

पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं सांगायचं तर गुलाबनंही फार ताणून धरलं नाही. सरांचं म्हणणं खरं असेल तर त्याचं नाव नुसत्या पुस्तकात नाही, शोधाच्या पुस्तकात लागणार होतं. ही लालूच त्याला सुटली नाही. त्याचा दोष असेल तर एवढाच, आणि तो मी झाकणार नाही.

प्रबंध टाइप झाला. एक आख्खं प्रकरण डाव्या घडणीवर. मार्गदर्शकांनी घाईघाईनं सही केली, पाच प्रती बांधून विद्यापीठात गेल्या. आपलं नाव बघायचं म्हणून गुलाबनं प्रत मागितली, तर सर म्हणाले, "आभाराचं पान शेवटच्या छपाईत घालतात, आता न्हाय." तसं काही नसतं, हे गुलाबला पुढं कळलं.

आणि मग, सगळं झाल्यावर, भूजलवाल्यांनी चष्मा परत पाठवला. एका भिंगाला तडा, पण दिसत होतं. बब्रुवान सर त्या तड्यावरून गुलाबलाच बोलले, ते सोडा. गुलाबनं सहज, निव्वळ हौसेनं, तिसरं चित्र भिंगाखाली धरलं. माळ उठून उभी राहिली. सांगाड्यात चकतीच्या मागं गेलेलं वळण चित्रात चकतीच्या पुढं होतं. त्यानं डोळे चोळले. मग चष्मा बाजूला ठेवून डोळे तिरळे केले, तर वळण मागं गेलं. चष्मा लावला, पुढं आलं. डोळे तिरळे केले की डावा डोळा उजवं चित्र बघतो आणि उजवा डावं, त्यामुळं जवळचं लांब दिसतं आणि लांबचं जवळ, आणि उजवा आटा डावा होतो. एवढी साधी गोष्ट. प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून तो मोठ्यानं स्वतःला शिव्या देत राहिला. दोन महिने डोकं दुखवून त्यानं आरशातलं प्रथिन वळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिला तास सुरू व्हायच्या आत त्यानं सरांना सांगितलं. सरांनी चष्म्यातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दार लावून घेतलं.

"कुणाला बोललास?"

"न्हाय, सर."

"बोलू नको. परीक्षकांकडं प्रती गेल्यात. तोंडी परीक्षा पुढल्या महिन्यात. एकदा होऊ दे, मग बघू."

"सर, आपण कळवू की. चूक सापडली म्हणून. माझी चूक, मी लिहून देतो."

"तुझी चूक, पण डिग्री कुणाची?" सरांचा आवाज चढला. "गुलाब, तुला नाव पायजे का न्हाय?"

गुलाब दार उघडून नळ्या धुवायला गेला. त्या महिन्यात त्याला जेवण गोड लागलं नाही. मालननं विचारलं तर तिच्यावरच खेकसला. नाव पाहिजे होतं, फार पाहिजे होतं, पण ते नाव एका चुकीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर पाहिजे होतं का, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

तोंडी परीक्षेला सांगाडे न्यायचे होते. आंब्याच्या पेटीत कापूस घालून गुलाबनं तिन्ही बसवले आणि एसटीत मांडीवर धरून उमरगा ते औरंगाबाद आख्खा दिवस काढला. पेटी वर ठेवा म्हणून कंडक्टर तीन वेळा बोलला. सर पुढच्या सीटवर बसून टाचणं वाचत होते. तिसरा सांगाडा वाटेत मोडला असं सांगता येईल, असं त्यांनी बीडच्या स्टँडवर चहा घेताना सुचवून बघितलं. गुलाबनं पेटी आणखी घट्ट धरली.

बाहेरचे परीक्षक हैदराबादहून आले होते. बारीक अंगाचा, पांढऱ्या केसांचा माणूस. मार्गदर्शकांनी प्रस्तावना केली, सरांनी भाषण केलं. परीक्षकांनी फक्त तिसरा सांगाडा उचलला आणि एका स्प्रिंगवरून बोट फिरवत नेलं.

"हे तुम्ही बनवलंत?"

"हो सर. सहायकाची मदत होती."

"चित्रं कशातून बघितलीत?"

"स्टिरिओस्कोपमधून."

"तिन्ही?"

सरांनी टाचणं चाळली. "तिन्ही," म्हणाले.

गुलाब दाराशी मोकळी पेटी धरून उभा होता. परीक्षकांनी सांगाडा टेबलावर ठेवला, सरांकडं बघितलं, आणि मग त्यांची नजर दाराकडं गेली. गुलाबच्या बोटांना तारेचे घट्टे पडलेले होते, ते त्यांनी बघितले असतील नाहीतर नसतील. त्यांनी विचारलं, "तुम्ही होतात का तिथं?"

आता गप्प बसला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. शहाणा माणूस गप्पच बसतो. पण चूक डोळ्यांसमोर टेबलावर उभी होती आणि तीच खरी म्हणून वाचली जात होती, हे गुलाबला सहन होईना.

"पहिले दोन भिंगातून, सर," तो म्हणाला. "तिसऱ्याला भिंग नव्हतं. तो मी नुसत्या डोळ्यांनी बघितला, डोळे तिरळे करून. म्हणून उलटा झाला. चूक माझी आहे, सरांची नाही."

"करून दाखवा."

आणि विद्यापीठाच्या त्या खोलीत, चार डॉक्टरांसमोर, गुलाब ओव्हाळनं डोळे तिरळे करून दाखवले. कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. "सगळे असंच फसतात एकदा," ते म्हणाले. "मीही फसलोय. पण लिहिण्याआधी सापडलं होतं." त्यांनी गुलाबला शिक्षण विचारलं, त्यानं सांगितलं. मग त्यांनी प्रबंधाचं पहिलं पान उघडलं, आभाराचं पान काढलं, त्यावरून नजर फिरवली, पुन्हा एकदा दाराकडं बघितलं आणि प्रबंध मिटला. गुलाबला त्या दिवशी कळलं, की आभाराचं पान आधीपासूनच छापलेलं होतं.

प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. परतीच्या प्रवासात सरांनी मिठाची गुळणी धरली. उमरगा आल्यावर एवढंच म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण केलंस." चूक कबूल करणाऱ्याला शहाण्या लोकांच्या गावात हेच ऐकायला मिळतं.

तरी काम गुलाबनंच केलं. दुसरं कोण करणार? तडा गेलेल्या भिंगातून त्यानं तिसरा सांगाडा पुन्हा पहिल्यापासून वळला, या वेळी तीनदा तपासून. तिन्ही शेजारी ठेवले आणि त्याचे डोळे भरून आले. कुठल्या मुलखातले कुठले जिवाणू, एक हिरवा, एक जांभळा, एक खाऱ्या पाण्यातला, आणि तिघांच्याही पोटात लोखंड धरून बसलेली घडण एकच. फरक होता तो सगळा बाहेरच्या वळणांत. डाव्या घडणीच्या खोट्या शोधापेक्षा हे खरं कितीतरी देखणं होतं. त्यानं सरांना ते समजावून सांगितलं, सरांनी ते लिहून काढलं. प्रबंधाचा शेवटचा भाग जवळजवळ त्याच्याच शब्दांत आहे, फक्त इंग्रजीत.

अठ्ठ्याऐंशी साली पाऊस चांगला झाला आणि माणिकप्पा सर डॉक्टर झाले. कॉलेजात सत्कार झाला. कारखान्याचे चेअरमन आले, पुन्हा शाल आली. सतरंज्या गुलाबनं अंथरल्या आणि गुलाबनंच गोळा केल्या. नंतर सर प्रयोगशाळेत आले, मोकळेपणानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ग्रंथालयात प्रत ठेवलीय. तुझं नाव हाय बरं का त्यात. दिलेला शब्द पाळलाय मी."

गुलाब ग्रंथालयात गेला. आभाराच्या पानावर कुलगुरू होते, मार्गदर्शक होते, संस्थेचे अध्यक्ष होते, चेअरमन होते, चष्म्याबद्दल बब्रुवान सर होते, सरांचे भाऊ होते, टायपिस्टही होता. तो पानं उलटत गेला. सत्त्याऐंशीव्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक टीप होती. तिचा अर्थ असा, की आधीच्या मसुद्यातल्या तिसऱ्या प्रतिकृतीत दोष राहिला होता. ती प्रतिकृती प्रयोगशाळा परिचर श्री. गुलाब श्रीपती ओव्हाळ यांनी अयोग्य पद्धतीनं तयार केली होती. नाव पुरं होतं. वडिलांचंही होतं. स्पेलिंगमध्येसुद्धा चूक नव्हती.

त्याला वाटलं, पान फाडावं. वाटलं, सरांच्या घरी जाऊन पुस्तक त्यांच्या सत्काराच्या हारावर आपटावं. सरांनी हे दुष्टपणानंही केलं नव्हतं, ही त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. त्यांना खरोखरच वाटत होतं, की शब्द पाळला. गुलाबनं त्यातलं काहीच केलं नाही. त्यानं ग्रंथपालाला सांगून पुस्तक एका दिवसासाठी घरी नेलं, कारण मालन दोन वर्षं विचारत होती.

मालननं आधी हात धुतले, पदराला पुसले आणि मग पुस्तक मांडीवर घेतलं. "कुठं हाय?"

गुलाबनं सत्त्याऐंशीवं पान उघडलं आणि तिचं बोट धरून त्या टिपेवर ठेवलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. बारीक अक्षरांवरून तिनं बोट हळूहळू पुढं नेलं, मग पुन्हा मागं आणलं.

"ह्येच्यात मामांचं कोन्तं?"

गुलाबनं दाखवलं. ती हसली. तिचे डोळे पाण्यानं भरले. "काय लिवलंय वो?"

औरंगाबादेत चार डॉक्टरांसमोर ज्याला खोटं सहन झालं नव्हतं, त्या माणसाला आता खरं बोलवेना. तो म्हणाला, "लिवलंय, की तिसरा सांगाडा गुलाब श्रीपती ओव्हाळनं केला."

मालननं मान डोलावली. कपाळाला सुंठ लावलेले सगळे दिवस तिला आठवत असावेत. मग तिनं पुस्तकाची मागची-पुढची दोन-चार पानं उलटून बघितली, काहीतरी शोधत असल्यासारखी, आणि तोंड वर करून विचारलं, "आन् पयले दोन कुनी केले म्हून लिवलंय?"